वर्षाचे गहू भरताना दरवर्षी विचारले जाणारे प्रश्न

दर एप्रिलला इंदूरच्या लोकमान्य नगर आणि आसपासची आम्ही बारा घरं मिळून वर्षाचे गहू भरतो. माझ्या माहेरची शेती देपालपूरकडे आहे, काका अजून स्वतः उभं राहून करतात, म्हणून हे जमवायचं काम माझ्या गळ्यात. पोती उतरायच्या आधीच प्रश्न सुरू होतात आणि दरवर्षी तेच असतात. यंदा बसून लिहूनच काढले. मी शास्त्रज्ञ नाही. शाळेत रसायनशास्त्र शिकवलं आणि शेत लहानपणापासून पाहिलं, एवढंच भांडवल.

मुळात "औद्योगिक शेती" आपल्या माळव्यात, म्हणजे इंदूरच्या आसपास, आहे कुठे? सगळे तर पाच-दहा बिघेवाले.

नजर पोचेल तिथपर्यंत एकाच मालकाची शेतं इथे नाहीत, खरं आहे. पण शेत लहान असलं म्हणजे पद्धत घरगुती राहिली असं होत नाही. काकांचंच बघा. बियाणं दुकानातून, खत कारखान्यातून, तण मारायला बाटली, कापणीला हार्वेस्टर, आणि निघालेलं सोयाबीन मंडीतून तडक तेलाच्या प्लांटला. आजोबांच्या वेळी शेतावर बाहेरून येणाऱ्या गोष्टी तीनच, मीठ, लोखंड आणि जावई, असं आजी म्हणायची.

माळव्याची काळी जमीन पूर्वी पावसाळ्यात पुष्कळदा पडीकच ठेवत. त्या चिखलात औत चालत नसे. मुरलेल्या ओलीवर थंडीत गहू आणि हरभरा. जिथे खरीप घेत तिथे ज्वारी, तूर, मूग, कापूस. सत्तरच्या दशकापासून सोयाबीन पसरत गेलं. त्याने आधी पडीक जमीन भरली, मग ज्वारीला बाजूला सारलं. सोयाबीनची राष्ट्रीय संशोधन संस्था १९८७ साली इंदूरला निघाली ती उगाच नाही. खेड्यांत पैसा आला तो या पिकानेच. पक्की घरं, ट्रॅक्टर, मुलींची शिक्षणं. त्यात माझंही शिक्षण आलं, हे लपवण्यात अर्थ नाही.

पण हे पीक आपण खातो किती? दाण्यात तेल साधारण अठरा ते वीस टक्के. बाकीची पेंड मुख्यतः कोंबड्यांच्या खाद्यात जाते, इथेही आणि परदेशातही. जिथे घरची भाकरी आणि डाळ पिकायची तिथे आता कोंबडीचा दाणा पिकतो. आपल्याकडे ज्वारीची भाकरी हल्ली पाहुणे आले की हौसेने होते, आणि किराणावाला तिचे गव्हापेक्षा जास्त पैसे लावतो, त्याचं एक कारण हे.

भाजीवरच्या औषधांनी कॅन्सर होतो का? मालव्यातल्या "कॅन्सर ट्रेन"चा मेसेज आला होता.

तो मेसेज मलाही दर महिन्याला येतो. त्यातला माळवा पंजाबातला आहे! भटिंडा, मानसा, मुक्तसर हा सतलजच्या दक्षिणेचा भाग, त्यालाही मालवा म्हणतात. तिथून उपचारासाठी बिकानेरला जाणाऱ्या गाडीला लोकांनी ते नाव दिलं. तिथल्या पाण्यात युरेनियमही सापडलं आहे, त्यामुळे सगळा दोष एका फवारणीवर टाकणंही अवघड आहे. आपला माळवा वेगळा. नावं सारखी म्हणून रोगही सारखे होत नाहीत.

आता मूळ प्रश्न. भाजीवर औषधाचा अंश राहतो, आणि किती राहिला तर चालेल याच्या मर्यादा सरकारने ठरवल्या आहेत. पाळल्या जातातच असं नाही. फवारणी आणि तोडणी यांच्यात किती दिवस जाऊ द्यायचे ते बाटलीवर लिहिलेलं असतं, पण भाव चढला की भेंडी दुसऱ्याच दिवशी तोडतात. तरीही माझं मत असं, की आपल्या ताटातला अंश ही या गोष्टीची शेपूट आहे. तोंड शेतात आहे.

दोन वर्षांपूर्वी श्रावणात मी देपालपूरला होते. सोयाबीनवर इल्ली, म्हणजे अळी, आली होती. फवारणीला गावातलाच एक मुलगा आला, विशी-बाविशीचा. पाठीवर बॅटरीचा पंप, तोंडाला रुमाल, पायात काही नाही. औषध मोजायला बाटलीचंच झाकण, ढवळायला बाभळीची काटकी. काटकी आखूड पडली तसा त्याने कोपरापर्यंत हात घातला. पंपाचं झाकण नीट बसत नव्हतं, चार ओळी झाल्या तोवर सदरा पाठीला चिकटला. काकूने दुपारी जेवायला हाक मारली तर म्हणाला, "भूख नी लगे काकी, सर घूमे." काकूने साबण देऊन हातपाय धुवायला लावले, सदरा बदलायला काकांचा दिला. मी बाटली हातात घेऊन पाहिली. तिच्यावर चौकोन होता, त्यातला त्रिकोण पिवळा. रंगांचा अर्थ असा: लाल म्हणजे अत्यंत विषारी, मग पिवळा, मग निळा, हिरवा सगळ्यांत सौम्य. माहितीपत्रक एवढ्या बारीक अक्षरात की मला चश्म्यानेही वाचवेना. काकांना विचारलं, हा पिवळा म्हणजे काय माहीत आहे का? म्हणाले, "कंपनीचा रंग असेल."

गावात याला विष कोणी म्हणत नाही. पाटीवर "खाद, बीज, दवाई" असतं, आपणही मराठीत औषधच म्हणतो. औषधाला कोण घाबरणार? २०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात कापसावर फवारणी करताना वीसहून जास्त शेतकरी-मजूर दगावले, शेकडो दवाखान्यात गेले. ते काही खाऊन मेले नव्हते. अंगावर आणि श्वासात गेलं तेवढंच पुरलं.

भाजी मिठाच्या किंवा सोड्याच्या पाण्यात धुतली की सगळं निघतं ना?

सगळं नाही. वर बसलेलं बरंचसं निघतं, आणि त्याला साधं वाहतं पाणी आणि हाताने चोळणं पुष्कळ उपयोगी पडतं. खाण्याच्या सोड्याने थोडं अधिक निघतं, पण दहा-पंधरा मिनिटं बुडवून ठेवावं लागतं, नुसतं बुचकळून नव्हे. जी औषधं झाडाच्या रसात शिरतात ती कशानेच निघत नाहीत. कोबीची वरची पानं काढा, काकडी-दुधी सोला. कढीपत्ता आणि कोथिंबीर आपण कच्ची वरून घालतो, ती मात्र नीट धुवा. बाजारात "व्हेजी वॉश" म्हणून बाटल्या मिळतात, त्यांच्यावर पैसे घालवू नका.

नदीकाठच्या पालकाबद्दल खूप ऐकतो.

ऐकता ते बरोबर आहे. खान नदीत, आता सरकारी कागदावर कान्ह, वर्षानुवर्षं शहराचं सांडपाणी वाहिलं आणि काठच्या वाड्यांना तेच पाणी मिळालं. अशा पाण्यावरच्या पालेभाजीत जंतू असतात, ते धुऊन-शिजवून मरतात. कारखान्यांच्या पाण्यातून आलेला जड धातू मुळांतून पानात जातो, तो शिजवूनही तिथेच राहतो. एकाच भाजीवाल्याकडून रोज एकच पालेभाजी घेऊ नका, आणि भाजी कुठली ते विचारत जा. विचारायला काय जातं? एकदा भाजीवालीने मला सरळ सांगितलं, "दीदी, ये मत लो, ये नाले की है." तिची ओळख मी अजून सोडलेली नाही.

गव्हात टाकायच्या त्या करड्या गोळ्या मिळतील का? कीड लागते हो.

नाही. इथे मी थोडी जोरात बोलणार आहे.

त्या गोळ्या अॅल्युमिनियम फॉस्फाइडच्या. हवेतल्या ओलाव्याशी त्यांचा संयोग होऊन फॉस्फीन वायू सुटतो, त्याने किडे मरतात आणि माणसंही मरतात. एक गोळी माणसाला पुरते आणि तिच्यावर उतारा नाही. ती गोदामांसाठी आहे, प्रशिक्षित माणसाने बंदिस्त जागेत वापरायची. घरात वापरायला, किरकोळ विकायला मनाई आहे. तरी कागदाच्या पुडीत बांधून मिळते. झोपायच्या खोलीत, पलंगाखाली गव्हाची कोठी ठेवून त्यात ही पुडी टाकणारी घरं मी पाहिली आहेत. पाऱ्याच्या म्हणून मिळणाऱ्या गोळ्याही नकोत, पारा धान्यात कशाला हवा?

मग काय करायचं? आपल्या आज्या करायच्या तेच. वैशाखाच्या उन्हात दोन-तीन दिवस गच्चीवर पसरा. दाणा दाताखाली "कट्" वाजला पाहिजे, नुसता दबला तर अजून ओला आहे. गार होऊ द्या, गरम गहू कोठीत भरला की आतून घाम सुटतो. एरंडेल हाताला लावून गहू चोळा, थरांमध्ये वाळलेला कडुनिंब. घट्ट झाकणाचं पिंप. कीड हवेवर जगते, ओलाव्यावर वाढते. या दोन गोष्टी तोडल्या की गोळी लागत नाही. पावसाळ्यात पिंप उघडताना हात कोरडा ठेवा, निम्मी कीड आपणच घालतो.

पूर्वीच्या गव्हात जास्त कस होता का?

आजी म्हणायची त्यात तथ्य आहे, पण ती सांगायची तेवढं नाही. बंगालमधल्या कृषी संशोधकांनी दशकवार निघालेले गव्हाचे आणि तांदळाचे वाण एकाच ठिकाणी पेरून तपासले, तेव्हा नव्या वाणांच्या दाण्यात लोह आणि जस्त कमी भरलं. कारण समजायला सोपं आहे. उत्पन्न दुप्पट-तिप्पट झालं तरी मुळं तेवढ्याच मातीतून क्षार उचलतात. दाण्यात पिष्ट वाढतं, क्षार पातळ होतात. घरात पाहुणे वाढले की आमटीत पाणी वाढतं तसं.

पण १९६५ च्या सुमारास आपण अमेरिकेचा गहू बोटींतून आणून खात होतो, तेही विसरू नका. नवे वाण आले म्हणून रेशनच्या रांगा आखूड झाल्या. आणि इंदूरमध्येच भारतीय कृषी संशोधन संस्थेचं गव्हाचं केंद्र १९५१ पासून आहे, "एचआय" ने सुरू होणारे वाण तिथले. त्यांनी पोषणाकडे लक्ष देऊन काढलेले कठिया, म्हणजे कडक दाण्याच्या गव्हाचे, वाणही आहेत.

ओघात एक: "लोकवन" हे कुठल्या वनाचं नाव नाही. गुजरातेत सणोसऱ्याच्या लोकभारती संस्थेने काढलेला वाण "लोक-१", म्हणजे लोक-वन. आपल्या लोकांनी त्याचं जंगल केलं. आणि महागडा शरबती गहू? सिहोरकडे जेवढा पिकतो त्याच्या कितीतरी पट जास्त विकला जातो, एवढंच म्हणते.

हा गहू हायब्रीड आहे का? त्यानेच गहू पचत नाही म्हणतात.

शेतकरी कुठल्याही नव्या बियाण्याला हायब्रीड म्हणतो. आपला गहू हायब्रीड नाही आणि जीएमही (जनुकं बदललेला) नाही, म्हणून तर काका स्वतःचं बी राखू शकतात. ज्यांना खरोखर ग्लूटेन, म्हणजे गव्हातलं चिकट प्रथिन, सोसत नाही त्यांना आजोबांच्या वेळचा खपली गहूही सोसणार नाही. डॉक्टरांकडून तपासणी करून घ्या, तोवर माझ्या गव्हाला बोल लावू नका.

युरियाने जमीन मरते, हे कितपत खरं?

युरियाने नव्हे, नुसत्याच युरियाने. पंचेचाळीस किलोची युरियाची गोणी २६६ रुपये ५० पैशांना मिळते, डीएपीची (नत्र आणि स्फुरद देणाऱ्या खताची) पन्नास किलोची १,३५० ला. बाकीचं सरकार भरतं. शेतकऱ्याने कुठली जास्त टाकावी असं तुम्हाला वाटतं? युरिया टाकला की चार दिवसांत पीक हिरवंगार दिसतं, शेजारी विचारतो काय टाकलंस. शेणखताचं असं कौतुक कोणी करत नाही. बैल गेले, गुरं कमी झाली, शेणखत आटलं. मृदा आरोग्य कार्डावर सेंद्रिय कर्ब (कुजलेल्या शेण-पाल्यातून मातीत येणारा कार्बन) ०.५ टक्क्याखाली असला की "कमी" लिहितात. काकांच्या कार्डावर तेच लिहिलेलं आहे. कार्ड देवघरात, पंचांगाखाली.

आता थोडं शाळेतलं. मातीत युरियाचा अमोनिया होतो आणि त्याचा पुढे नायट्रेट. नायट्रेटवर ऋण भार, चिकणमातीच्या कणावरही ऋण भार. माती त्याला धरत नाही. पिकाने उचलला नाही तो पाण्याबरोबर खाली, विहिरीत, बोअरमध्ये. पिण्याच्या पाण्यात लिटरला ४५ मिलिग्रॅम ही त्याची मर्यादा आहे. तान्ह्या बाळांना याचा धोका जास्त, रक्ताची प्राणवायू वाहायची ताकद कमी होते, बाळ निळं पडतं. शहरात १९७८ पासून नर्मदेचं पाणी आहे, पण बायपासच्या पलीकडच्या कॉलन्या बोअर आणि टँकरवर चालतात. तिथल्या आयांसाठी सांगते: पाणी उकळल्याने नायट्रेट जात नाही. पाणी आटतं, तो उरतो. आरओने बराच निघतो. बोअरचं पाणी एकदा प्रयोगशाळेत तपासून घ्या.

राहिलेला थोडा भाग हवेत नायट्रस ऑक्साइड होऊन जातो. उष्णता धरण्यात तो कार्बन डायऑक्साइडपेक्षा सुमारे २७३ पट भारी.

आणि पाणी? माळव्याच्या म्हणीतलं "डग डग रोटी, पग पग नीर" कुठे गेलं?

बोअरमध्ये गेलं. ओलीवर येणारा कठिया एक-दोन पाण्यांत निघायचा. आताच्या गव्हाला चार-पाच लागतात. देवासला १९९० साली रेल्वेने पाणी आणावं लागलं होतं, इथून पस्तीस किलोमीटरवर. त्याच देवास जिल्ह्यात पुढे २००६ पासून शेतकऱ्यांनी शेततळी खोदली, हजारोंनी, आणि बोअरवरचा भार हलका केला. कोणी वरून पाणी दिलं नाही, पावसाचंच अडवलं.

एप्रिलमध्ये संध्याकाळी धुराचा वास येतो, तो कशाचा?

नरवाईचा, म्हणजे गव्हाचं राहिलेलं काड पेटवल्याचा. हार्वेस्टर वरची ओंबी कापून नेतो, खाली गुडघाभर काड उभं राहतं. पूर्वी तो भुसा म्हणजे गुरांचं वर्षाचं खाणं होतं. गुरं नाहीत, मजूर नाहीत, काडी टाकायला मात्र एक पैसा लागत नाही. जिल्हा प्रशासन दंड करतं, तरी रात्री पेटते. वरच्या इंचभर मातीतले गांडूळ-जंतू त्यात जातात. काकांनीही पूर्वी पेटवली आहे. एकदा वाऱ्याने आग शेजारच्या उभ्या गव्हात शिरली, भरपाई द्यावी लागली, तेव्हापासून बंद. पर्यावरणाचं मी दहा वर्षं सांगत होते, ते एका भरपाईने झालं.

उन्हाळी मुगाबद्दल तुम्ही नेहमी नाक का मुरडता?

मूग चांगलाच. पण होशंगाबाद (आता नर्मदापुरम) आणि हरद्याकडे गव्हानंतर पावसाच्या आत तिसरं पीक म्हणून तो घेतात. दिवस थोडे असतात, म्हणून हिरवं पीक लवकर वाळावं यासाठी पॅराक्वाटसारखं तणनाशक त्यावर मारतात. तेही कापणीच्या तोंडावर. २०२५ मध्ये यावरूनच राज्य सरकारने हमीभावाच्या खरेदीला आधी नाही म्हटलं, शेतकरी रस्त्यावर आले, मग खरेदी झाली. पॅराक्वाट पोटात गेलं तर त्याला उतारा नाही. मी मूग पावसाळी पिकाचा, ऑक्टोबरात घेते.

सोयाबीन तेल जीएमचं असतं का?

इथलं सोयाबीन जीएम नाही. अर्जेंटिना-ब्राझीलहून येणारं तेल बहुतेक जीएम सोयाबीनचं. शुद्ध केलेल्या तेलात प्रथिन जवळजवळ उरत नाही, त्यामुळे मला त्याची काळजी वाटत नाही. तेल किती खातो त्याची वाटते. रविवारचे पोहे-जिलबी आणि रात्रीचं सराफा बाजारातलं खाणं धरून मोजा.

अंडी-चिकन?

दाटीने कोंबलेल्या कोंबड्या आजारी पडू नयेत, लवकर भराव्यात म्हणून प्रतिजैविकं देत. कोलिस्टिन हे माणसांसाठी अगदी शेवटचं राखून ठेवलेलं औषध, तेही खाद्यात जायचं. २०१९ मध्ये सरकारने त्यावर बंदी घातली. धोका अंड्यातल्या औषधाचा कमी, औषधाला न जुमानणाऱ्या जंतूंचा जास्त. अंडं पूर्ण शिजवून खा. बाकी आमच्या घरी सोवळं असल्याने माझा अनुभव तोकडा.

सेंद्रियच घ्यावं का? लेबलवर विश्वास ठेवावा?

पाकिटावर "जैविक भारत" हे प्रमाणित सेंद्रिय मालाचं सरकारी चिन्ह बघा. नुसतं हिरवं पान आणि "नॅचरल" असं लिहिलेलं असेल तर ते फक्त छापखान्याचं काम. शेत रसायनमुक्त म्हणून प्रमाणित व्हायला हंगामी पिकांना दोन वर्षं लागतात, त्या काळात उत्पन्न घटतं आणि भाव मात्र साध्याच मालाचा. म्हणून सेंद्रिय महाग. एका रात्रीत सगळ्यांनी सेंद्रिय करावं म्हणणाऱ्यांनी श्रीलंकेचं २०२१ साल आठवावं. एकदम रासायनिक खतं बंद केली, पीक कोसळलं आणि काही महिन्यांत निर्णय मागे घ्यावा लागला.

गंमत अशी, की जगभरचे सेंद्रियवाले खत करायच्या ज्या रीतीला "इंदूर पद्धत" म्हणतात ती आपल्याच शहरातली. अल्बर्ट हॉवर्ड हे इंग्रज शेतीतज्ज्ञ १९२४ साली इथे आले. आज जिथे कृषी महाविद्यालय आहे तिथे त्यांची संस्था होती. पालापाचोळा, शेण, गुरांच्या मुताने भिजलेली माती, राख, असे थर रचायचे, ओल राखायची, मधून उलथवायचं, साधारण तीन महिन्यांत खत तयार. हे त्यांनी माळव्याच्या शेतकऱ्यांकडे बघत बघतच बसवलं. १९३५ मध्ये गांधीजी ते बघायला आले होते. मी गॅलरीत पिंपात करून पाहिलं. उलथवायचा कंटाळा केला, तिसऱ्या आठवड्यात खालच्या मजल्यावरचे जोशी काका नाक धरून वर आले. आता ओला कचरा गाडीतच देते. देवगुराडियाच्या कचरा-प्रकल्पात त्याचा गॅस होतो आणि खतही.

एवढं सगळं माहीत असून शेतकरी सोडत का नाहीत?

काकांना हे तोंडावर विचारून बघा! २०२४ च्या सप्टेंबरात सोयाबीनचा हमीभाव क्विंटलला ४,८९२ होता आणि मंडीत त्याच्या बऱ्याच खाली बोली लागत होती. खुरपायला मजूर मिळत नाही, मिळाला तर परवडत नाही, बाटली परवडते. आपण भाजीवाल्याशी दोन रुपयांसाठी घासाघीस करतो आणि एका भोकाचं वांगं परत टाकतो. त्या भोकातली अळी औषध न मारल्याची पावती असते. मीही टाकते.

काका घरच्या गव्हावर फवारतात का?

हा प्रश्न गेल्या वर्षी पहिल्यांदा आला, आणि तोच खरा.

नाही. विहिरीला लागून एक तुकडा आहे, त्यात शेणखतावर कठिया पेरतात, तणनाशक नाही, दोन पाणी. तो घरचा. तुम्हाला येतो तो मोठ्या शेतातला: युरिया दिलेला, पेरणीनंतर महिन्याने एकदा तणनाशक, दाण्यावर काही नाही. मी कधी लपवलं नव्हतं, पण कोणी विचारलंही नव्हतं. काकांना म्हटलं, लोकांना दुसरा का देता? म्हणाले, "लोक भाव विचारतात, तू तुकडा विचारतेस."

यंदा त्या तुकड्यातून नऊ क्विंटल निघाला. घरचा आणि बियाण्याचा ठेवून चार उरतो. भाव नेहमीच्या गव्हापेक्षा क्विंटलला बाराशे जास्त. पोळी थोडी पिवळसर आणि चिवट होते, कणीक अर्धा तास आधी मळावी लागते. बाफले, रवा, लापशी यांना मात्र तोड नाही. बारा घरांपैकी तिघांनी नाव दिलं आहे, त्यात अडीच क्विंटल गेला. उरलेला दीड हवा असेल त्यांनी अक्षय्य तृतीयेच्या आत कळवा. पोती स्वतःची आणा, आणि धुऊन वाळवलेली.